हार्ड डिस्क जायला आली आहे, डेटा न गमावता बदलायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. हार्ड डिस्कचे फोन वर्षातून दोनदा वाढतात: मृगाच्या पावसाबरोबर लाइट जायला लागली की, आणि गणपतीत. गणपतीत का, तर घरातला रखडत चाललेला कॉम्प्युटर मुंबईहून आलेल्या माणसालाच पहिल्यांदा खटकतो. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली आहेत. तुमची डिस्क आत्ता आवाज करत असेल तर बाकीचं राहू द्या, मशीन बंद करा आणि थेट प्रश्न ११ वाचा.

१. कॉम्प्युटर खूप स्लो झालाय. हार्ड डिस्कच खराब होतेय हे ओळखायचं कसं?

स्लो व्हायला कारणं बरीच असतात, पण डिस्कचं दुखणं थोडं वेगळं दिसतं. एक ठरावीक फोल्डर उघडला की सगळं गोठतं, दुसरा उघडला तर काही नाही. कॉपी ठरावीक फाइलवर येऊन अडते. चालू करताना विंडोज स्वतःहून डिस्क तपासायला बसते.

खात्री करायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकटचा प्रोग्राम चालवा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. हा प्रोग्राम ती नोंद वाचून दाखवतो. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. रंगाखाली यादी असते, तिच्यातल्या तीन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब निघालेले आणि राखीव जागेत हलवलेले सेक्टर (सेक्टर म्हणजे डेटा साठवायचा डिस्कवरचा छोटा कप्पा). सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकलेले सेक्टर. सी६ म्हणजे डिस्कने स्वतः तपासूनही न वाचता आलेले. हे आकडे सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीने दिसतात, म्हणजे शेवटी ६४ दिसलं तर ते चौसष्ट नव्हे, शंभर. सेटिंगमधून ते दशमानात आणता येतात.

सी७ ही ओळ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा कनेक्टरचा असतो. समुद्राजवळच्या घरात तांब्यावर हिरवा थर यायला वेळ लागत नाही. आधी केबल बदलून बघा. डिस्कचा खर्च वाचेल.

२. पिवळं दाखवतंय, पण सगळं व्यवस्थित चालू आहे. किती दिवस चालेल?

कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. ०५ चा आकडा एकदा दहा-वीसवर जाऊन वर्षानुवर्षं तिथेच राहिलेल्या डिस्क मी पाहिल्या आहेत. आकडा आज आठ, परवा चाळीस असा चढत असेल तर मात्र आजचा दिवस शेवटचा समजून कामाला लागा. उलटही होतं: निळी दिसणारी डिस्क रात्रीत बंद पडते, कारण मोटर किंवा सर्किट गेल्याची पूर्वसूचना स्मार्टमध्ये येतेच असं नाही.

३. डिस्क खराब आहे हे कळलं. सगळ्यात आधी काय करू?

आजारी डिस्कवर काम करणं थांबवा. डीफ्रॅग नको, अँटीव्हायरसचा फुल स्कॅन नको, विंडोज अपडेट नको, रीसेट तर नकोच. अशा डिस्कमध्ये आता किती वाचन उरलंय ते मोजता येत नाही. जे उरलंय ते तुमच्या फाइलींवर खर्च व्हायला हवं.

मग कागदावर लिहा: काय गेलं तर रडू येईल? लोक सिनेमांपासून सुरुवात करतात, कारण ते फोल्डर मोठे दिसतात. सातबाराचे आणि खरेदीखताचे स्कॅन, आजीचे फोटो, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, मुलीचा प्रोजेक्ट हे आधी काढा. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे दोन फोल्डर विसरू नका, निम्मं घर तिथेच असतं. कॉपी एखाद्या फाइलवर अडली तर हट्ट करू नका, ती सोडून पुढे जा.

४. मी सगळं सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर टाकून ठेवलंय. आता सेफ ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की त्याला वेगळा प्रश्न द्यावा लागला. घरगुती कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. होडी बुडाली की पुढच्या कप्प्यातली मासळीही जाते, मागच्या कप्प्यातलीही. उलट या कॉपीत तुम्ही आजारी डिस्कला वाचायलाही लावलंत आणि लिहायलाही. डेटा वेगळ्या वस्तूवर गेला पाहिजे: दुसरी डिस्क, पेनड्राइव्ह, शेजाऱ्याचा लॅपटॉप, काहीही.

५. चेक डिस्क चालवून बॅड सेक्टर दुरुस्त होत नाहीत का? एका मित्राने तसं करायला सांगितलंय.

मित्राला चहा पाजा, पण त्याचं ऐकू नका. चेक डिस्क फाइलींच्या नोंदवहीतल्या चुका सुधारते. झिजलेला पृष्ठभाग ती नवा करू शकत नाही. खराब सेक्टर शोधायचा पर्याय दिला की ती पूर्ण डिस्क वाचत बसते, आणि जायला आलेली डिस्क नेमकी त्यातच जाते. शिवाय नोंदी जुळवताना ती तुकडे झालेल्या फाइली बाजूला काढते किंवा छाटते. मग त्या परत जोडणं अवघड. चेक डिस्क चालवायचीच तर क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल झाल्यावर, नव्या डिस्कवर.

६. कॉपी करू की क्लोन?

कॉपीत फक्त तुमच्या फाइली येतात. क्लोनमध्ये विंडोज, प्रोग्राम, पासवर्ड, फॉन्ट, सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरतं. तिसरा प्रकार इमेज: तोच क्लोन, पण एका मोठ्या फाइलमध्ये बंद करून ठेवलेला.

आधी कॉपी, मग क्लोन, असं आम्ही करतो. महत्त्वाच्या दहा जीबी फाइली बाहेर आल्या की क्लोन बिघडला तरी झोप लागते. डिस्क अगदीच वाईट असेल तर मात्र कॉपीचाही नाद सोडा आणि प्रश्न ७ मधल्या डीडीरेस्क्यूकडे वळा. फाइली कॉपी करताना डिस्कमधल्या तबकडीवरून डेटा वाचणारं हेड इकडून तिकडे उड्या मारतं. क्लोन सरळ रेषेत वाचतो, त्यात ताण कमी पडतो.

७. क्लोनिंग घरी कसं करायचं? पायऱ्या सांगा.

लागणारं सामान: तेवढीच किंवा जास्त क्षमतेची नवी डिस्क, साटाची (साटा म्हणजे डिस्क कॉम्प्युटरला जोडायची नेहमीची पद्धत) यूएसबी ३ केबल किंवा डॉक, म्हणजे डिस्क खोचायचा स्टँड, दोन पेनड्राइव्ह, आणि यूपीएस.

आजारी डिस्कवरची विंडोज चालू ठेवून क्लोन करणारे प्रोग्राम मिळतात, पण विंडोज चालू असली की ती त्याच डिस्कवर सतत लिहीत राहते. म्हणून पेनड्राइव्हवरून चालणारं साधन घ्या. डिस्क वाचायला अजून कुरकुरत नसेल तर क्लोनझिला पुरे. फुकट आहे, पडदा जुन्या काळचा दिसतो, पण काम चोख.

लटकलेले सेक्टर असतील तर डीडीरेस्क्यू. याची पद्धत मला मनापासून आवडते. पहिल्या फेरीत ते सहज वाचता येणारं सगळं उचलतं आणि खराब पट्टा आला की तिथे डोकं न आपटता पुढे उडी मारतं. चांगला भाग सुरक्षित झाला की मगच मागे येऊन खराब जागा कुरतडत बसतं. काय वाचलं, काय राहिलं याची नोंद ते एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. ती फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवायला सांगा, म्हणजे काम मध्येच तुटलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं. शक्य असेल तर आजारी डिस्क यूएसबीवर न लावता थेट मदरबोर्डच्या साटाला जोडा. खराब सेक्टर आला की यूएसबीचं कनेक्शन बऱ्याचदा सुटतं.

आता दिशा. कुठून आणि कुठे, हे उलटं झालं तर कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर होते आणि काही मिनिटांत खेळ खलास. दुकान नवीन असताना मी हे केलेलं आहे. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, दोन्ही ५०० जीबी, आणि मी आकाराकडे बघून 'एंटर' दाबलं. डिस्क मेहुण्याची होती. पुढची दोन वर्षं गणपतीत जेवताना तो विषय निघायचा. तेव्हापासून डिस्कवरच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे कागदावर लिहून, पडद्यावरच्याशी जुळवल्याशिवाय मी पुढे जात नाही.

वेळ: धडधाकट ५०० जीबी डिस्कला यूएसबी ३ वर दीड तासाच्या आसपास, यूएसबी २ वर चार तास. आजारी डिस्कला काय वाट्टेल तेवढा. आमच्याकडे एक क्लोन तीन दिवस चालला होता.

८. आमच्याकडे पावसात दिवसातून चार वेळा लाइट जाते. क्लोन चालू असताना गेली तर?

क्लोनमध्ये जुनी डिस्क नुसती वाचली जाते, त्यामुळे तिच्यावरचा डेटा लाइट गेल्याने बिघडत नाही. धोका वेगळाच आहे. वीज अचानक तुटली की हेडला घाईने जागेवर परतावं लागतं, आणि म्हातारी डिस्क बंद झाली की पुन्हा उठेलच याची खात्री नाही.

लॅपटॉपवर काम करत असाल तर बॅटरी चांगली असली पाहिजे. पण लक्षात घ्या, डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क डॉकच्या वेगळ्या अडॅप्टरवर चालते, तो भिंतीत असेल तर लॅपटॉपच्या बॅटरीचा काही उपयोग नाही. अडॅप्टरही यूपीएसवर घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नका. काही इन्व्हर्टर बदली व्हायला इतका वेळ घेतात की पंख्याला कळत नाही पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. बटण असलं तर यूपीएस मोडवर टाका.

लाइट गेलीच तर डीडीरेस्क्यू मॅप फाइलवरून पुढे सुरू होतं, क्लोनझिला पहिल्यापासून करावं लागतं. आणि वीज कडाडत असताना सुरूच करू नका. क्लोन उद्याही होईल.

९. नवीन डिस्क कुठली घेऊ?

विंडोजसाठी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, यात आता वाद राहिलेला नाही. जुन्या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी बसते. ती ७ मिमी जाड असते. तुमची जुनी डिस्क ९.५ मिमी असेल तर बाजूला थोडी फट राहते, तेवढंच. डेस्कटॉपलाही हीच चालते. नव्या लॅपटॉपमध्ये च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम.२ असते, पण एम.२ दिसली म्हणजे एनव्हीएमई हा जास्त वेगवान प्रकारच असेल असं नाही, त्यात साटाही येतात. जुनी काढून तिचा फोटो दुकानदाराला दाखवा. खूप जुन्या मदरबोर्डना एनव्हीएमईवरून चालू होता येत नाही.

१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

१०. जुनी डिस्क १ टीबी, भरलेली फक्त १८० जीबी. ५०० जीबी एसएसडीवर क्लोन होईल का?

होईल, पण इथे एक खड्डा आहे. बहुतेक ठिकाणी सांगतात की आधी जुन्या डिस्कवरचं पार्टिशन लहान करा. लहान करणं म्हणजे डिस्कच्या शेवटी पडलेला डेटा उचलून पुढे लिहिणं, आणि आजारी डिस्कवर लिहायचं नाही हे प्रश्न ३ मध्ये सांगितलंच आहे. त्यापेक्षा कोणाकडून तरी १ टीबीची चांगली डिस्क चार दिवस मागून आणा, तिच्यावर पूर्ण क्लोन घ्या, आणि पार्टिशनची काटछाट त्या क्लोनवर करा.

नाहीतर एसएसडीवर विंडोज नवी टाका आणि फक्त फाइली आणा. विंडोजचं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं, त्यामुळे नुसती डिस्क बदलल्याने ते सहसा जात नाही. नवी टाकतच असाल तर विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे हे ध्यानात ठेवा.

११. हार्ड डिस्क टक-टक आवाज करता. फ्रीजमदी ठेवली तर चलात काय?

नाय चलाचा. कुडाळहून आलेला हा प्रश्न तसाच ठेवलाय, कारण प्रत्येक तालुक्यातून तो येतो.

टक-टक म्हणजे हेड आपली जागा शोधतंय आणि ती न सापडल्यामुळे पुन्हा पुन्हा परत येतंय. हेड चालताना तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ते खराब झालं असेल तर प्रत्येक फेरीत तबकडी खरवडली जाण्याची भीती असते, आणि खरवडलेला डेटा कुठल्याच लॅबला परत आणता येत नाही. म्हणून बंद करा, वायर काढा. 'फक्त एकदा बघूया' नको. बारीक बीप येत असेल तर मोटर अडकलेली असू शकते. तिलाही हेच लागू.

फ्रीजची युक्ती फार जुन्या डिस्कवर कधीमधी लागू पडल्याच्या गोष्टी आहेत. आपल्याकडे जुलैत फ्रीजमधून बाटली काढली की मिनिटात तिला घाम फुटतो. तेच पाणी डिस्कच्या आत धरेल.

१२. झाकण उघडून हेड सोडवता येईल का? किंवा दुसऱ्या डिस्कची हिरवी सर्किट प्लेट लावली तर?

झाकण उघडू नका. एक धुळीचा कण हेडखालच्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो. प्लेटची अदलाबदल पूर्वी जमायची. आता प्लेटवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची खास मापं साठवलेली असतात, ती चिपही हलवावी लागते. हे जाणकाराचं काम.

१३. कॉम्प्युटर पुराच्या पाण्यात होता. वाळवून चालू करू का?

वाळवूही नका, चालूही करू नका.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर आमच्याकडेही चिखलातले सीपीयू आले. ज्यांनी डिस्क गच्चीवर उन्हात ठेवल्या किंवा हेअर ड्रायर मारला, त्यांचं काम सगळ्यात कठीण झालं. कारण साधं आहे. बहुतेक हार्ड डिस्क हवाबंद नसतात. हवेचा दाब सारखा राहावा म्हणून त्यांना फिल्टर लावलेलं एक बारीक भोक असतं. त्यातून गढूळ पाणी आत जातं. पाणी उडून गेलं की गाळ आणि क्षार तबकडीवर चिकटून बसतात, आणि वीज दिली की हेड त्यावरून घासतं. तांदळात ठेवूनही हेच होतं, वर पीठ लागतं ते वेगळं.

डिस्क बाहेर काढा, वरवरचा चिखल हलक्या हाताने पुसा, ओलसर असतानाच झिपच्या पिशवीत बंद करा आणि जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर क्लीन रूम, म्हणजे डिस्क उघडायला धूळमुक्त खोली असलेल्या लॅबला पाठवा. पॅकिंगसाठी प्रश्न १९ पाहा. पाणी फक्त टेबलाच्या पायापर्यंत आलं होतं आणि डिस्क कोरडी आहे अशी खात्री असेल तरी ती त्या कॉम्प्युटरमध्ये चालू करू नका. काढून दुसऱ्या कोरड्या मशीनला जोडा.

१४. टॅली, मराठी टायपिंगचे जुने फॉन्ट, डिजिटल सही यांचं काय होतं?

पूर्ण क्लोन झाला तर टॅलीचा डेटा आणि फॉन्ट आपोआप येतात. टॅली लायसन्स पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करायला सांगू शकते, म्हणून लायसन्सचा सिरियल नंबर आणि ईमेल हाताशी ठेवा. फक्त कॉपी करत असाल तर टॅलीप्राइमचा डेटा बऱ्याचदा सी ड्राइव्हच्या युझर्समध्ये, पब्लिकखाली असतो. माय डॉक्युमेंट्समध्ये शोधून तो सापडत नाही. कंपनी निवडायच्या पडद्यावर पाथ दिसतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

फॉन्टचं दुःख छापखानेवाल्यांना विचारा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेली पत्रिका नव्या मशीनवर उघडली तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल खराब झालेली नसते, फॉन्ट नसतो. विंडोजचा फॉन्ट्स फोल्डर उचलायला विसरू नका.

डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असते. डिस्कशी संबंध नाही, ड्रायव्हर मात्र पुन्हा टाकावा लागेल.

१५. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तर ४८ आकडी 'की' (किल्ली) मागते. हा काय प्रकार?

बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय. हल्लीच्या अनेक लॅपटॉपमध्ये तुम्ही न सांगताही ते सुरू असतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर रिकव्हरी की त्या खात्यात सापडते. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ऑफिसच्या आयटीवाल्यांकडे. की नसेल तर मार्ग नाही, आमच्याकडेही नाही. लॅपटॉप अजून चालू असेल तर डिस्क काढण्याआधी आजच की कागदावर उतरवून घ्या.

१६. क्लोन झाला, नवीन डिस्क लावली, पण चालूच होत नाही.

पहिल्यांदा चालू करताना फक्त नवी डिस्क लावा. जुन्या आणि नव्या डिस्कची ओळख एकच असल्यामुळे विंडोज गोंधळते आणि एकीला ऑफलाइन टाकते. 'जुनी डिस्क गायब झाली' असे फोन येतात त्यामागेही हेच असतं.

तरी नाही झालं तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, बूटचा क्रम (आधी कुठल्या डिस्कवरून चालू व्हायचं ते) बघा. जुनी डिस्क लेगसी या जुन्या पद्धतीने चालू होत होती की यूईएफआय या नव्या, तेच ठेवा. साटा मोडही होता तोच. साटावरून एनव्हीएमईवर गेलात आणि निळा पडदा येत असेल तर एकदा सेफ मोडमध्ये चालू करा, बहुतेक वेळा पुढच्या खेपेला विंडोज सुरळीत उठते.

१७. एक्स्टर्नल हार्ड डिस्क दिसत नाही. डबीतून काढून थेट साटाला लावू का?

साडेतीन इंचीची डबी गेली असेल तर ही युक्ती अनेकदा चालते. अडीच इंचीत मात्र काहींच्या प्लेटवर साटाची जागाच नसते, यूएसबी थेट तिथेच असतं. काहींत डबीतलं सर्किटच डेटा एन्क्रिप्ट करतं, म्हणजे सांकेतिक रूपात लिहितं, मग काढलेली डिस्क कोरी वाटते. फॉरमॅट करायचं का असं विंडोजने विचारलं तर नाही म्हणा.

१८. होमस्टेच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधली डिस्क बिघडलीय. ती पण क्लोन करू?

सहसा गरज नसते. नवी, सीसीटीव्हीसाठी बनवलेली डिस्क लावा आणि डीव्हीआरमधूनच फॉरमॅट करा. जुनं रेकॉर्डिंग हवं असेल, समजा चोरीचं प्रकरण आहे, तर डिस्क काढण्याआधी डीव्हीआरच्या मेनूतून पेनड्राइव्हवर घ्या. विंडोजला डीव्हीआरची मांडणी कळत नाही, ती 'इनिशियलाइझ करा' म्हणते. करू नका.

१९. डिस्क वॉरंटीत आहे. कंपनी डेटा काढून देईल का? आणि लॅबला पाठवायची तर कशी?

वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा सहसा मिळत नाही, आणि जुनी डिस्क परत येत नाही. डेटा हवा असेल तर आधी तो काढा, मग वॉरंटी.

लॅबसाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. अँटिस्टॅटिक पिशवी, तिच्याभोवती सगळ्या बाजूंनी दोन बोटं जाड फोम, मग खोका. वर्तमानपत्राचे बोळे चालत नाहीत, प्रवासात ते दबतात. कोणी जाणारं असेल तर त्याच्या हाती द्या: एसटीत डिकीत नको, मांडीवर. लॅबकडून आधी तपासणी, मग लेखी अंदाज, आणि डेटा मिळाला नाही तर पैसे किती, हे विचारून घ्या.

२०. हे सगळं पुन्हा नको असेल तर बॅकअप कुठे ठेवू?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत लोकांना चैन वाटते, पण पुरात लॅपटॉप आणि त्याच कपाटातली एक्स्टर्नल डिस्क दोन्ही एकदम भिजतात. गूगलवर १५ जीबी फुकट मिळतात, कागदपत्रांना तेवढे पुरतात. फोटोंसाठी दुकानात येणाऱ्यांना मी एक सुचवतो: दोन डिस्क ठेवा, आणि दर गणपतीला मुंबईकराने भरलेली घेऊन जावी, गेल्या वर्षीची परत आणावी. एसएसडी मात्र अशी वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला वापरू नका. वीज न मिळाल्यास तिच्यातला चार्ज हळूहळू उतरतो. या कामाला साधी हार्ड डिस्कच बरी.

२१. जुन्या डिस्कचं काय करू?

लगेच काही नाही. तारीख लिहून दोन-तीन महिने बाजूला ठेवा, कारण राहून गेलेलं फोल्डर तेवढ्यात आठवतं. तिच्यावर 'अजून चालतेय की' म्हणून गाणी भरू नका.

नंतर भंगारात देण्याआधी ती निकामी करा. चालत असेल तर पूर्ण शून्यांनी लिहून पुसा, नुसता फॉरमॅट पुरत नाही. चालत नसेल तर ड्रिलने तबकडीतून आरपार दोन-तीन भोकं पाडा, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण लॅपटॉपच्या डिस्कच्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि फुटतात. मग ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. आतलं लोहचुंबक काढून घ्यायचा मोह होतो. आमच्या दुकानातल्या लोखंडी कपाटाला असे बारा-पंधरा चिकटलेत. पैकी दोन एकमेकांवर आपटले तेव्हा मधे माझी करंगळी होती.